इंग्रजीचा भूतकाळ, रावेरच्या पॅकहाउसमध्ये

पॅकहाउस म्हणजे कापलेली केळी धुऊन, खोक्यांत भरून बाहेर पाठवायची जागा. तिथला रिपोर्ट म्हणजे सगळा भूतकाळ. कटाई किती वाजता सुरू झाली, किती घड कापले, किती खोकी भरली, किती माल बाजूला काढला, कंटेनरचं तापमान किती ठेवलं, गाडी कधी निघाली. जे घडून गेलं तेच लिहायचं. आमची केळी रावेर तालुक्यातून न्हावा शेवा बंदरात जाते आणि तिथून जहाजाने आखाती देशांत. तिकडचा खरेदीदार मराठी वाचणारा नाही. त्यामुळे क्वालिटीचं काम माझ्याकडे आलं त्या दिवसापासून मला इंग्रजीतला भूतकाळ रोज लागू लागला, लिहायलाही आणि फोनवर बोलायलाही.

माझं शिक्षण अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात, मराठी माध्यमात झालं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. महाराष्ट्रात ते पहिलीपासून आलं २००० साली. पुढे बी.एस्सी. केलं, पण वनस्पतिशास्त्राच्या वहीत बहुतेक वर्तमानकाळच असतो. मुळं पाणी शोषतात, पानं अन्न तयार करतात. नेहमी जे घडतं ते विज्ञान सांगतं. रिपोर्टला मात्र काल काय घडलं तेवढंच हवं असतं, आणि इंग्रजीत ‘काल’ म्हटलं की क्रियापद बदलतं.

व्याकरणाच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात शेवटी तीन रकान्यांचा तक्ता असतो. शाळेत आपण त्याला व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री म्हणायचो. अराइज, अरोज, अरिझन. अवेक, अवोक, अवोकन. मग बी अक्षराची रांग लागते: बीट, बिकम, बिगिन, बेंड, बाइट. तो तक्ता घेऊन मी सावद्यात आमच्याच गल्लीत राहणाऱ्या आप्पांकडे गेले. आप्पा निवृत्त हायस्कूल शिक्षक. आयुष्यभर इंग्रजी आणि संस्कृत शिकवलेले. त्यांनी तक्ता पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

“पोरी, हा शब्द शोधायला चांगला आहे. शिकायला नको घेऊस. यात सगळे शब्द पहिल्या अक्षरावरून लावलेत, आणि भूतकाळ करताना पहिलं अक्षरच तेवढं बदलत नाही. बदल होतो मधल्या स्वरात नाहीतर शेवटी. मग पहिल्या अक्षराने शेजारी बसवून उपयोग काय?”

इतकी वर्षं तो तक्ता डोळ्यांसमोर होता, पण हे कुणीच बोललं नव्हतं. बेंडचा भाऊ सेंड, तो कितीतरी पानं पुढे. ब्रिंग आणि थिंक एका घरचे, पण एक बी मध्ये, दुसरा टी मध्ये.

आप्पांनी मला पहिलं काम दिलं ते मराठीतलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे जे जे होतं ते साध्या वाक्यांत लिहून आण, म्हणाले. मी लिहिलं: मजूर आले. घड कापले. खांद्यावर आणले. फण्या काढल्या. तुरटीच्या पाण्यात टाकल्या. चीक धुतला. वजन केलं. खोक्यात भरल्या. स्टिकर चिकटवले. कोल्ड रूममध्ये ठेवल्या. एक फणी तुटली. एक खोका फाटला. वीज गेली. पैसे दिले. साहेबांना फोन केला. सांगितलं. फोटो पाठवले.

त्या प्रत्येक वाक्यापुढे आप्पांनी इंग्रजी क्रियापद लिहिलं आणि ज्यांचा भूतकाळ ‘ईडी’ लावून होत नाही त्यांच्याखाली लाल रेघ ओढली. केम, कट, ब्रॉट, पुट, स्टक, केप्ट, ब्रोक, टोर, वेंट, पेड, टोल्ड, सेंट. पान लालच झालं. रिमूव्ह, वॉश, वे, पॅक आणि कॉल एवढीच पाच बिनरेघेची उरली. मी म्हटलं, आप्पा, मी नेमकी अवघडच निवडली की काय? ते म्हणाले, तू निवडली नाहीस. रोजच्या जगण्याची क्रियापदं इंग्रजीत अशीच आहेत. बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, टेक, सी. इंग्रजीत सगळ्यांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं काढ, दहाच्या दहा अनियमित निघतात.

लाल रेघेची आधी न घेता त्यांनी सुरुवात त्या पाचांपासून केली. ‘ईडी’ लिहिताना एक, पण बोलताना तीन. पॅक्ट, वॉश्ट, चेक्ट यांत शेवटी ट ऐकू येतो. वेड, कॉल्ड, रिमूव्ह्ड यांत ड. आणि लोडेड, वेटेड, स्टार्टेड यांतच फक्त वेगळं ‘इड’. कारण विचारलं तर म्हणाले, वर्णमाला आठव. क, च, ट, प, स, श हे अघोष. अघोषामागे अघोष ट येतो. ग, ब, व, ल, र, म, न आणि सगळे स्वर हे घोष, त्यांच्यामागे घोष ड येतो. मूळ शब्दच ट किंवा ड ने संपत असेल तर दोन सारखे वर्ण एकमेकांना चिकटतील, म्हणून मध्ये इ घालायची. संपला नियम. आपल्याकडे बहुतेक जण ‘पॅकेड’, ‘वॉशेड’ म्हणतात, कारण ते अक्षरं वाचतात. घोष-अघोष मराठी शाळेत शिकवतात आणि तिथेच सोडून देतात. इंग्रजीच्या तासाला तेच ज्ञान कुणी उघडलं असतं तर खान्देशातल्या हजारो मुलांचे उच्चार सुधारले असते, असं मला मनापासून वाटतं.

मग लाल रेघेची. घडाच्या फण्या काढाव्यात तशी आम्ही ती वेगळी केली. माझ्या वहीत आजही त्या गटांना ‘फणी’च म्हटलेलं आहे.

पहिली फणी सगळ्यांत सोपी: कट, पुट, शट, सेट, लेट, हिट, हर्ट, कॉस्ट, बर्स्ट, स्प्रेड, शेड. काही बदलतच नाही. सगळ्यांच्या शेवटी ट किंवा ड आहे हे आप्पांनी माझ्याकडूनच काढून घेतलं. जुन्या काळी यांनाही ट-डचा प्रत्यय होता. तो शेवटच्या ट-ड मध्ये जिरून गेला. उलटं मात्र खरं नाही. वेट, स्टार्ट, लोड यांच्याही शेवटी ट-ड आहेच, पण ते नियमाने वेटेड, स्टार्टेड, लोडेड होतात. आता कट जर बदलत नाही, तर काल कापलं की रोज कापतो हे कळायचं कसं? एक खूण आहे. ‘शी कट्स’ म्हणजे ती कापते. ‘शी कट’, स नाही, म्हणजे कापलं. तेवढ्या एका स वर सगळा काळ उभा असतो.

दुसरी फणी सेंडची: सेंड-सेंट, स्पेंड-स्पेंट, लेंड-लेंट, बेंड-बेंट, बिल्ड-बिल्ट. शेवटच्या ड चा ट. इथे वेळ गेला नाही.

तिसऱ्या फणीवर मात्र आम्ही खूप रमलो. कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट, स्वीप-स्वेप्ट, फील-फेल्ट, लीव्ह-लेफ्ट, मीन-मेंट. त्याच घरातले मीट-मेट, फीड-फेड, लीड-लेड. आणि रीड-रेड, जिथे लिहिताना काहीच बदलत नाही, बोलताना बदलतं. सगळीकडे लांब ‘ई’चा आखूड ‘ए’ होतो. आप्पांनी विचारलं, मराठीत ‘फूल’ला ‘चा’ लाव. मी म्हटलं, फुलाचा. मूलला ‘ला’ लाव. मुलाला. वीटवर? विटेवर. “दीर्घाचा ऱ्हस्व का झाला? पुढे काहीतरी लागलं म्हणून. इंग्रजीतही मागे व्यंजन लागलं, प आणि ट एकत्र आले, आणि आधीचा स्वर आखडला. मग साधारण १४०० ते १७००च्या दरम्यान इंग्रजीतल्या लांब स्वरांचे उच्चार पार सरकले. ए होता त्याचा ई झाला. आखूड झालेला जिथल्या तिथे राहिला. म्हणून आज कीप आणि केप्ट इतके लांब वाटतात.” हे ऐकल्यावर ती रूपं पाठ करावीच लागली नाहीत. कानात एकदा ई-ए, ई-ए बसलं की बास.

चौथी फणी ‘ऑट’ची. ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट, थिंक-थॉट, फाइट-फॉट, टीच-टॉट, कॅच-कॉट. लिहिताना मध्ये जी-एच येतो आणि तो मुका असतो. ब्रॉट आणि बॉट यांत गल्लत होते ती सगळ्यांचीच. आप्पांची युक्ती: ब्रिंगमध्ये र आहे, ब्रॉटमध्येही आहे. बायमध्ये र नाही, बॉटमध्येही नाही. या फणीतला कॅच बाहेरून आलेला आहे, मूळचा फ्रेंच. इंग्रजीत आला आणि इथल्या शब्दांची चाल पाहून त्यानेही भूतकाळ ‘कॉट’ असा करून घेतला. पाहुणा येऊन घरच्यांसारखा वागायला लागला, ही गोष्ट मला फार आवडली.

पाचवीत स्वर फिरतो: रिंग-रँग-रंग, बिगिन-बिगॅन-बिगन, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, सिंक-सँक-संक, श्रिंक-श्रँक-श्रंक. इ, ॲ, अ. याच्याच शेजारी दोनच पायऱ्यांचे: स्टिक-स्टक, डिग-डग, विन-वन, स्पिन-स्पन, हँग-हंग. सहावीत ओ येतो आणि शेवटी न: ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, फ्रीज-फ्रोज-फ्रोझन, चूज-चोज-चोझन, टेअर-टोर-टॉर्न, राइट-रोट-रिटन, ड्राइव्ह-ड्रोव्ह-ड्रिव्हन, राइज-रोज-रिझन. सातवीत ऊ: ब्लो-ब्लू, ग्रो-ग्रू, नो-न्यू, थ्रो-थ्रू, फ्लाय-फ्लू.

मधला स्वर बदलून काळ बदलणं ही इंग्रजीची लहर नाही, असं आप्पा ठासून सांगत. संस्कृतात ‘भृ’ धातूपासून ‘भरति’ होतं आणि ‘भार’ही होतं, धातूतला स्वर असा बदलण्याला संस्कृत व्याकरणात गुण आणि वृद्धी म्हणतात ते हेच. सिंग-सँग-संग आणि आपलं गुण-वृद्धी यांचं मूळ एकच, दोन्ही भाषा ज्या जुन्या भाषेतून निघाल्या त्या भाषेतलं. स्वर बदलणाऱ्या या क्रियापदांना ‘सबळ’ आणि प्रत्यय लावून घेणाऱ्यांना ‘दुर्बळ’ अशी नावं याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने दिली. त्याचा जर्मन व्याकरणाचा पहिला खंड १८१९ साली निघाला. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंमधला थोरला तोच.

‘बी’ या क्रियापदाची तर त्यांनी मला एक अख्खी संध्याकाळ दिली. इज, बी, वॉज ही तीन रूपं तीन निरनिराळ्या धातूंची. ‘इज’ तिथला जिथून संस्कृतातलं ‘अस्ति’ आलं. ‘बी’ तिथला जिथून ‘भू’ आला. आपलं ‘होणे’ही त्या ‘भू’चंच. आणि ‘वॉज’ तिथला जिथून ‘वस्’ आला, वस्तीतला, राहण्याचा. असणं, होणं, राहणं ही तिन्ही एकाच क्रियापदात येऊन बसली आहेत. ‘गो’चं ‘वेंट’ही असंच. ते मुळात ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्या क्रियापदाचं भूतकाळी रूप, सेंड-सेंटच्या चालीवर. गोचा स्वतःचा जुना भूतकाळ मागे पडला आणि ही जागा वेंटने घेतली.

आम्ही अमळनेरकडची माणसं घरात अहिराणी बोलतो. तो येस, पण काल आला असेल तर ऊना. जास, पण गया. देस, पण दिन्हा. लेस, पण लिन्हा. प्रमाण मराठीत जातो-गेला, करतो-केला, मरतो-मेला, होतो-झाला. जाणे आलं ‘या’ धातूपासून, गेला आलं ‘गत’पासून, गो आणि वेंटसारखी दोन घरची सोयरीक. माझ्या आजीने कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण ती ही रूपं एकदाही चुकली नाही. लहान मुलं मात्र ‘मी करलं’ म्हणतात, कारण त्यांनी पडलं, बसलं, चढलं ऐकून नियम पकडलेला असतो. इंग्रज मुलंही तशीच ‘गो’ला ईडी लावून ‘गोड’ म्हणतात. अमेरिकेत जीन बर्को या बाईंनी १९५८ साली मुलांना बनावट शब्द देऊन त्यांचे भूतकाळ विचारले होते. ‘ग्लिंग’ला मुलांनी ‘ग्लिंग्ड’ केलं. मोठ्यांपैकी बऱ्याच जणांनी मात्र ‘ग्लँग’ म्हटलं, रिंग-रँगच्या चालीवर. म्हणजे फण्या खऱ्या आहेत. इंग्रजी बोलणाऱ्याच्या डोक्यात त्या असतातच. आपल्याला त्या मुद्दाम बसवाव्या लागतात, एवढाच फरक.

अनियमित रूपं का टिकून राहतात, याचं उत्तर मला एका संशोधनात सापडलं. २००७ साली ‘नेचर’मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा तो लेख आला. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेऊन त्यांनी पाहिलं, तर मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली १४५ अनियमित राहिली होती आणि आज ९८. बाकीच्यांना ईडी लागलं. हेल्पचा भूतकाळ पूर्वी ‘होल्प’ होता, आज हेल्प्ड. कोण आधी बदलणार हे वापरावर ठरतं: एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभरपट कमी वापरलं जात असेल, तर ते दहापट लवकर नियमित होतं. जे तोंडात रोज येतं त्याचं जुनं रूप कुणी विसरत नाही. क्वचित उलटा प्रवासही होतो. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘डिग्ड’ आहे, आज सगळे ‘डग’ म्हणतात.

हे वाचल्यावर क्रम कसा लावायचा ते माझ्यापुरतं स्पष्ट झालं. अराइज आणि अवेक राहू दे. माझ्या रिपोर्टात जे रोज येतं ते आधी.

सराव मी दोन प्रकारे केला. सकाळी सावद्याहून पॅकहाउसला जाताना गाडीत आदल्या दिवसाचं सगळं मनातल्या मनात इंग्रजीत सांगायचं, रिपोर्टच्या क्रमानेच. आणि संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर तेच मोठ्याने. ते मध्येच प्रश्न टाकायचे, आणि प्रश्न आला की खरी अडचण समोर यायची. “डिड द ट्रक कम?” याला उत्तर “नो, इट डिड नॉट कम.” केम नाही. भूतकाळ ‘डिड’ने उचलला, मग क्रियापद मूळ रूपात. हे आपल्याला जड जातं त्याला कारण आहे. मराठीत ‘आला’ आणि ‘आला नाही’. नकार आला तरी क्रियापद भूतकाळातच राहतं. म्हणून ‘डिड नॉट केम’, ‘डिड नॉट वेंट’ आपल्या तोंडून आपोआप निघतं. आप्पांनी मला यासाठी जोड्याच करून दिल्या: वुई सेंट, वुई डिडन्ट सेंड. वुई केप्ट, वुई डिडन्ट कीप. दोन्ही एका श्वासात म्हणायचे. पाठ केलेल्या तक्त्यात ही दुसरी बाजू कधीच नसते.

दुसरी तशीच अडचण ‘हॅव’ची. ‘गाडी काल निघाली आहे’ असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत ‘यस्टरडे’ म्हटलं की ‘हॅज लेफ्ट’ चालत नाही, ‘लेफ्ट’च. दिवस किंवा वेळ सांगितली की साधा भूतकाळ. वेळ न सांगता ‘निघाली आहे, आता वाटेत आहे’ म्हणायचं असेल तर ‘हॅज लेफ्ट’. तिसरा रकाना लागतो तो इथे आणि ‘खोकं फाटलेलं होतं’ अशा वाक्यात: द बॉक्स वॉज टॉर्न. माझ्या कामात फाटलेलं, तुटलेलं, गोठलेलं हे शब्द सारखे येतात, म्हणून टॉर्न, ब्रोकन, फ्रोझन आधी पक्के झाले.

उच्चारांसाठी मोबाइलवर इंग्रजी बातम्या ऐकायचे, पण फक्त भूतकाळ टिपायला. ‘सेड’ हा शब्द बातम्यांत इतक्यांदा येतो की से-सेड कानात कोरलं जातं. लिहिताना से आणि पे यांचे भूतकाळ सारखे दिसतात, पण पेड लांब आणि सेड आखूड. ‘ईट’चा भूतकाळ इंग्लंडमध्ये बरेच लोक ‘एट’ असा आखूड म्हणतात, अमेरिकेत ‘एइट’. अमेरिकेत ‘गेट’चं तिसरं रूप ‘गॉटन’ ऐकू येतं, आपल्याकडे शाळेत ‘गॉट’. ‘लर्न्ट’ आणि ‘लर्न्ड’ दोन्ही बरोबर. हे एकदा कळलं की समोरचा वेगळं बोलला म्हणून बिचकायला होत नाही.

या सगळ्याची कसोटी लागली एका कंटेनरवर. केळीला साडेतेरा अंशांच्या आसपास तापमान लागतं. तेराच्या खाली गेलं की साल काळवंडते, वर गेलं की माल जहाजातच पिकायला लागतो. तिकडे बंदरावर माल उघडला तर काही खोक्यांत फण्या पिवळ्या पडायला लागलेल्या. खरेदीदाराच्या इन्स्पेक्टरने व्हिडिओ कॉल लावला. मालक शेजारी उभे, त्यांना इंग्रजी कळतं पण बोलणं माझ्यावर. मी डेटा लॉगरचा, म्हणजे कंटेनरचं तापमान नोंदणाऱ्या यंत्राचा, आलेख समोर धरला आणि क्रमाने सांगत गेले.

वुई कट द बंचेस इन द मॉर्निंग. वुई ब्रॉट देम टू द पॅकहाउस बिफोर नून. वुई केप्ट द बॉक्सेस इन द कोल्ड रूम ओव्हरनाइट. द कंटेनर लेफ्ट अॅट सिक्स. द टेम्परेचर रोज आफ्टर मिडनाइट. द ड्रायव्हर टोल्ड अस द जनरेटर स्टॉप्ट. ही डिड नॉट कॉल अस दॅट नाइट. वुई फाउंड आउट फ्रॉम द लॉगर.

‘रोज’ म्हणताना मला कळलं की मी शब्द शोधत नव्हते. राइज, रोज, रिझन. ड्राइव्ह आणि राइटच्या फणीतला तो शब्द आपोआप वर आला. समोरचा माणूस केरळचा होता, त्याची इंग्रजी भराभर चालत होती. त्याने मध्येच विचारलं, “व्हेन डिड यू सेंड द लॉग?” मी म्हटलं, “वुई सेंट इट द सेम मॉर्निंग.” प्रश्नात सेंड, उत्तरात सेंट. ओट्यावरच्या त्या जोड्या नसत्या तर तिथे जीभ अडली असती. कुठल्या रात्री, कुठल्या टप्प्यावर काय बिघडलं हे सगळं भूतकाळात, क्रमाने आणि स्पष्ट सांगता आल्यामुळे चर्चा वाहतुकीवर गेली. आमच्या पॅकिंगवर बोट ठेवलं गेलं नाही. मालकांनी त्या संध्याकाळी आप्पांना पेढे पाठवले.

आता पॅकहाउसमध्ये नोंदवही लिहिणाऱ्या मुलींना मीच शिकवते. बहुतेक जणी रावेर-यावलच्या खेड्यांतल्या, बारावी झालेल्या, लेवा बोली बोलणाऱ्या. तीन रकान्यांचा तक्ता त्यांना मी दाखवतच नाही. पहिल्या आठवड्यात कट-पुट-शट, आणि सोबत पॅक्ट, वॉश्ट, चेक्टचे उच्चार. एकीने आपणहून विचारलं, “ताई, रीडचं रेड होतं, मग नीडचं नेड का नाही होत?” प्रश्न इतका नेमका होता की मी तिला आप्पांकडेच घेऊन गेले. आप्पा खूश झाले. नीडेड हे नियमात गेलेलं आहे, म्हणाले. फणी दिसली म्हणून सारखा दिसणारा प्रत्येक शब्द तिच्यात घालता येत नाही, तो कुठल्या फणीत आहे हे ऐकूनच घ्यावं लागतं. तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक फणीखाली ‘यात नाहीत’ अशी एक ओळ असते. कीपच्या खाली नीड, सीड, हीट. रिंगच्या खाली ब्रिंग. ड्राइव्हच्या खाली अराइव्ह, जो अगदी सारखा दिसतो पण अराइव्ह्ड होतो. कंटेनरवाल्यांच्या संदेशांत तो शब्द रोज असतो, म्हणून तो लाल शाईत.

सध्या आमचं काम चाललंय सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्यांवर. विकणे या अर्थाच्या सेलचं सोल्ड, पण जहाज निघणे या अर्थाचं सेल, त्याचं सेल्ड. स्पेलिंग वेगळं, उच्चारात थोडाच फरक. फाइंडचं फाउंड, आणि ‘स्थापन करणे’ या अर्थाचं फाउंड हे मुळातच वेगळं क्रियापद, त्याचं फाउंडेड. फॉलचं फेल, आणि झाड पाडणे या अर्थाचं फेल, त्याचं फेल्ड. सगळ्यांत गुंत्याचे लाय आणि ले: स्वतः पडून राहणे म्हणजे लाय, त्याचा भूतकाळ ले, दुसरं काही आडवं ठेवणे म्हणजे ले, त्याचा भूतकाळ लेड. खोकी आडवी ठेवायची की उभी हे आम्हाला रोज लिहावं लागतं, म्हणून हा गुंता सोडवणं भाग आहे. आप्पांनी त्यासाठी एक पान करून द्यायचं कबूल केलंय, आणि या वेळी उदाहरणं नोंदवहीतूनच घ्यायची, पुस्तकातून एकही नाही, अशी त्यांचीच अट आहे.